रेकॉर्ड केलेला खासदार

रक्त तपासायच्या रांगेत माझ्यापुढे नणंद-भावजय होत्या.

“वहिनी, फोनवर खासदारांनाच झापलंत?”

“मला वाटलं, नेहमीसारखा रेकॉर्ड केलेला आवाज. म्हटलं, ‘आम्हा नर्सेसच्या ड्युटीचे तास कमी करायच्या विधेयकाविरुद्ध मत देतोस आणि वर नमस्कार करतोस?’”

“अगंबाई! मग?”

“आवाज म्हणाला, ‘ताई, मी स्वतः बोलतोय.’”

“फोन ठेवलात?”

“छे! तोंडातून गेलंच होतं, मग कारणही विचारलं. म्हणाले, ‘पक्षानं सांगितलं, मी हात वर केला.’”

“कबूल केलं?”

“विधेयकावर पुन्हा मतदान आहे. त्याआधी शनिवारी आमच्या वॉर्डात रात्रपाळीला बसणार म्हणाले.”

“येतील?”

“काल पुन्हा फोन आला. तो रेकॉर्ड केलेलाच निघाला. तरी मी आपलं अहो-जाहो करत विचारलं, ‘शनिवारचं नक्की ना?’”