स्कोअरची डायरी

(वॉटफर्ड, २००७. रविवारची दुपार. डॉक्टर शशिधर दामले आणि सुप्रभा यांच्याकडे मुलगा नील केंब्रिजहून जेवायला आलाय.)

शशिधर: म्हणजे सहा वर्षं केंब्रिजला राहून तू चेंडूफळीवर पुस्तक लिहिलंस.

नील: बेसबॉल, बाबा. त्याचा हिस्टरी.

शशिधर: तेच ते. परवा महाराष्ट्र मंडळात जयंतनं विचारलं, मुलगा कशावर रिसर्च करतो. मी म्हटलं, मेंदूवर. दुसरं काय सांगणार?

सुप्रभा: अहो, जेवताना तरी राहू द्या. तो पान दाखवायला आलाय, ते बघा.

नील: डेडिकेशनचा पेज. उद्या प्रिंटरकडे जाणार. तुम्हाला विचारायला मुद्दाम आलो.

शशिधर: आधी मला एक सांग. अमेरिकेचा राष्ट्रीय खेळ, लिहिणारा वॉटफर्डचा दामले, छापणार इंग्रज. वाचणार कोण?

नील: पण तो अमेरिकेचा नाहीच, दॅट्स द होल पॉइंट. इथल्या गावात मुलं-मुली खेळायचे, अडीचशे वर्षं आधी. लोक जहाजात बसून गेले, गेम पण गेली. तिकडे ती सगळ्या देशाची झाली, इथे सगळे विसरले. मग थर्टीजमध्ये परत आली. नॉर्थमध्ये दहा-दहा हजार लोक बघायला यायचे. मग वॉर आला, आणि फिनिश्ड.

शशिधर: ज्यांची होती त्यांनाच नकोय, आणि तू सहा वर्षं ती उराशी धरून बसलास. शाबास.

सुप्रभा: तू वाच रे.

नील: मराठीत सांगतो. ‘माझ्या बाबांना. मी आठ वर्षांचा असताना ते दर रविवारी मला बेसबॉलला न्यायचे, थंडीत तासन्‌तास बाकावर बसायचे, आणि डायरीत प्रत्येक रन लिहायचे. माझे पहिले हिस्टोरियन तेच.’

शशिधर: कुठली डायरी?

नील: ती निळी, हॉस्पिटलची. तुम्ही मान खाली घालून लिहीतच असायचे. मी बेसवर पोचलो की आधी तुमच्याकडे बघायचो. बाबांनी लिहिला का, असं.

शशिधर: अरे, मी गणितं काढत होतो. वरदाच्या इलेव्हन प्लसची, त्या ग्रामर स्कूलच्या प्रवेश परीक्षेची. अपूर्णांक, टक्केवारी. सोमवारी तुझ्या ताईला सोडवायला द्यायचो. तुमचा स्कोअर मला अजूनही कळत नाही.

सुप्रभा: अहो, पुरे.

शशिधर: पुरे काय? हा छापायला निघालाय. रविवारी श्रीकांत मास्तर वरदाला शिकवायला घरी यायचे. आधी त्यांनी दोघांची चाचणी घेतली होती. म्हणाले, डॉक्टर, मुलीवर मेहनत घ्या, मुलात काही दम नाही. आणि तू घरात असलास की भिंतीवर बॉल आपटत बसायचास. कुठेतरी न्यायला हवंच होतं. क्रिकेट क्लबात हॉस्पिटलचे लोक असायचे, विचारायचे, मुलगा कसा खेळतो. बेसबॉलला ओळखीचं कुत्रं फिरकत नव्हतं.

नील: मला वाटलं, तुम्हाला आवडतं.

शशिधर: मला थंडी वाजायची. असो. फुकट नाही गेलं ते. वरदा आज सर्जन आहे.

नील: मग हा पेज?

शशिधर: तुझं तू ठरव. छापायचं तर छाप, मंडळात चार प्रती वाटीन. फक्त तू इतिहास लिहितोस ना? खरं काय झालं ते आता तुला माहीत आहे. सुप्रभा, मी जरा पडतो आत. भात झाकून ठेव.

नील: आई, मी काढतो ते. तुझा नाव टाकतो. उद्या सकाळी चेंज करता येतो. नुसतं ‘आईला’, बस.

सुप्रभा: नको रे.

नील: का? तू तर असं काहीच नव्हतं केलं.

सुप्रभा: नको म्हटलं ना. तुमचा डबा मीच भरायचे. दोन वेळचा. वरदाला शांत घर मिळावं, तुम्ही लवकर निघावं आणि उशिरा यावं म्हणून.