पडद्यावरची खोळ

अधिकारी : ही खोळ शिवली कुणी?

प्रशिक्षक : आमच्या मंडळींनी. मापात आहे ना?

अधिकारी : अगदी. विमानाचा चुराडा झाला, तरी पडद्यावरून हलली नाही.

प्रशिक्षक : टोमणे नकोत, बाई. या धंद्यात केस पांढरे झालेत माझे. आसपासची विमानं दाखवणारा पडदा समोर असला, की शिकाऊ पोरं त्यातच तोंड खुपसून बसतात. म्हणून परवाना हातात पडेपर्यंत खोळ काढायची नाही. आमच्या शाळेचा शिरस्ताच आहे तो.

अधिकारी : आणि दुसरं विमान जवळ आलं, की वाजणारा इशाऱ्याचा आवाज?

प्रशिक्षक : तोही मीच बंद ठेवायला लावतो. धावपट्टी जवळ आली, की नुसतं कोकलत असतं ते. मी शिकवायचं कधी?

अधिकारी : त्या दिवशी तुम्ही होतात कुठे शिकवायला? ती शिकाऊ मुलगी एकटी होती विमानात.

प्रशिक्षक : मग डोळे उघडे ठेवायचे! तिने पाहिलं नाही, विषय संपला. वाईट मलाही वाटतं, पण खरं ते खरं.

अधिकारी : काय पाहायचं होतं तिने, तेवढं सांगा. ती आणि तो दुसरा वैमानिक, दोघंही एकाच धावपट्टीवर उतरत होते. ती वर, तो बरोबर तिच्या खाली. तिच्या विमानाचे पंख बुडाशी, त्याच्या विमानाचे डोक्यावर. तिला खालचं दिसेना, त्याला वरचं. डोळे फाडून बघितलं असतं तरी काय दिसणार होतं, कपाळ?

प्रशिक्षक : रेडिओवर बोलायचं असतं.

अधिकारी : बोलले की! दोघंही एकाच क्षणी बोलले, म्हणून एकमेकांचं ऐकूच आलं नाही. त्याच्या जुनाट विमानात पडदा नव्हता. तिच्याकडे होता. त्या यंत्रात सगळी नोंद सापडलीय. शेवटपर्यंत ते खालचं विमान दाखवत होतं. तुमच्या मंडळींच्या शिवणकामाला.

प्रशिक्षक : एवढं होतं तर काढायची ना खोळ! हिसका दिला की निघते.

अधिकारी : मागे एका मुलाने काढली होती. त्याचं काय केलंत?

प्रशिक्षक : शिस्त म्हणून... थोडे दिवस उडू दिलं नाही.

अधिकारी : आणि सगळ्यांसमोर त्याला ‘आंधळ्या’ म्हणून हाका मारल्यात.

प्रशिक्षक : गंमत असते हो ती.

अधिकारी : असं? मग माझीही एक गंमत ऐका. तुम्ही स्वतः उडवता त्या विमानात आत्ताच बसून आले मी. खोळ नाही, आवाज पूर्ण मोठा.

प्रशिक्षक : माझी गोष्ट वेगळी. मोतीबिंदू धरलाय, लांबचं जरा...

अधिकारी : म्हणजे लांबचं तुम्हालाच दिसत नाही!

प्रशिक्षक : हे अहवालात घालू नका, बाई. माझं उडणं बंद होईल.

अधिकारी : शी! दोन माणसं जिवानिशी गेली आणि तुम्हाला स्वतःच्या उडण्याची पडलीय! किळस येते हो तुमची.

(दार ढकलून मुलीचे वडील आत येतात.)

वडील : बाहेर सगळं ऐकू येतंय.

प्रशिक्षक : या ना, बसा. पाणी मागवू?

वडील : सर, तुम्हीच म्हणाला होतात ना, पोरीचं लक्ष नव्हतं म्हणून?

प्रशिक्षक : तेव्हा मला तसंच वाटलं होतं.

वडील : मी खरं धरून चाललो. त्या दुसऱ्या वैमानिकाच्या घरी गेलो, त्याच्या बायकोपुढे हात जोडले. म्हटलं, माझ्या मुलीच्या बेफिकिरीपायी तुमचं घर उघड्यावर पडलं, तिला माफ करा. ती म्हणाली, नाही करणार.

प्रशिक्षक : मी... मी लिहून देतो हवं तर.

वडील : कागद नको. उठा. तिच्यासमोर उभं राहून सांगायचं.

प्रशिक्षक : आत्ता? काय सांगू मी तिला?

वडील : या बाईंना सांगत होतात तेच. चला. ती घरीच असते. दार लवकर उघडत नाही, थांबावं लागतं.