गाडी कोण पुसतं?

(पॉलिशच्या दुकानात एक काळी गाडी. पॉलिशवाल्याने बॉनेटवर दिवा धरलाय. गाडीची मालकीण शेजारी, तिचे वडील मागे दाराशी.)

पॉलिशवाला : बाहेर नुसती काळीभोर दिसते, पण आता दिव्याखाली बघा. कोळ्याने विणल्यासारखं जाळं. गोल गोल, बारीक ओरखडे.

मुलगी : अगं बाई! एवढे?

पॉलिशवाला : गाडी आठ महिन्यांची आणि ओरखडे आठ वर्षांचे. पुसतं कोण हो ही?

मुलगी : ते... आहेत एक जण. सकाळी येतात.

पॉलिशवाला : त्यांना आधी हात जोडा! धुळीवरून कोरडं फडकं फिरवायचं म्हणजे काथ्याने आरसा घासल्यासारखं आहे.

वडील : मीच तो. मीच पुसतो मॅडमची गाडी.

पॉलिशवाला : तुम्ही होय! या की काका, लांब का उभे? चांगलं झापणार होतो, पण वयाने मोठे आहात.

वडील : झापा की. चूक माझीच आहे. एकतीस वर्षं एका साहेबांची गाडी चालवली. रोज सकाळी फडकं मारून लखलखीत ठेवायचो. कधी काही झालं नाही. ही नाजूक निघाली.

पॉलिशवाला : ओरखडे तिच्यावरही पडले असतील, तुम्हाला असा दिवा कोणी दाखवला नसेल. हे बघा, दोन बादल्या घ्यायच्या. एकीत शाम्पू, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी. फडकं मऊ हवं आणि हात सरळ चालवायचा, गोल नाही. राहील लक्षात?

वडील : राहील. मॅडम, यापुढे तसंच करीन.

मुलगी : हं... ठीक आहे, काका.

पॉलिशवाला : आणि ताई, लहान तोंडी मोठा घास, पण यांना कामावरून काढू नका. आपली चूक तोंडावर कबूल करणारा माणूस हल्ली मिळतो कुठे?

मुलगी : पुरे. पुरे करा, प्लीज.

पॉलिशवाला : काय झालं? चुकलं का माझं?

मुलगी : कामावर नाहीत ते. माझे वडील आहेत.

पॉलिशवाला : वडील? अहो, पण आत्ता तुम्हीच...

मुलगी : खोटं बोलले. तुम्ही विचारलंत आणि तोंडातून तेच निघालं. सवयच लागलीय जिभेला. मागच्या महिन्यात ऑफिसातले दोघं घरी आले, तेव्हा बाबा खाली गाडी पुसत होता. हे कोण, म्हणाले. म्हटलं, गाडी धुणारे.

वडील : अगं, परक्या माणसापुढे कशाला हे?

मुलगी : तू ऐकलं होतंस ना, बाबा?

वडील : गाडीच्या पलीकडेच तर होतो. मागचं चाक पुसत होतो.

मुलगी : मग बोलला का नाहीस? आणि आज वर मलाच मॅडम म्हणतोस!

वडील : तुझी पंचाईत नको व्हायला. शाळेच्या फाटकाशीही तू मला ड्रायव्हरकाकाच म्हणायचीस. मैत्रिणींना वाटायचं, साहेबांची गाडी तुझीच आहे. म्हटलं, मिरवतेय पोर, तर मिरवू दे.

मुलगी : तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आज अडतीस आहे.

वडील : हो. म्हणून या वेळी जरा लागलं.

पॉलिशवाला : काका, माफ करा. मी आपलं काहीच्या बाही बोलत सुटलो.

वडील : छे हो, गाडीचं बोललात ते बरोबरच बोललात. निघेल ना पण हे सगळं?

पॉलिशवाला : निघेल. आधी धुतो, कडांना टेप लावतो, मग मशीनने एकेक पत्रा घेतो. घाई केली तर रंग जळतो. संध्याकाळ होईल.

वडील : होऊ दे. मी थांबतो, मला शिकायचंय.

पॉलिशवाला : थांबा की. खुर्ची मात्र एकच आहे. ताई, तुम्ही बसा.

वडील : हो, बस तू. मला गाडीपाशी उभं राहायची सवय आहे.

मुलगी : नाही, बाबा. तू बस. आज मी उभी राहते.