फाटक्या नेफ्याची भूमिती

"हॅलो?… हॅलो, अमरावती?… मुलींची शाळा का जी? मी मूर्तिजापूरहून भागीरथा बोलून राहिली. केशरबाईंची लहान बहीण… वर्गात आहेत? मग बोलवा न जी! ट्रंक कॉल हाय, तीनच मिनिटं मिळतात!"

पोस्टाच्या टेबलाशी भागीरथा उभी होती. कडेवर दीड वर्षांचा चंदू, काखेत पाचवीचं नवंकोरं गणिताचं पुस्तक. समोर पोस्टमास्तर खुशालराव घड्याळावर नजर लावून बसले होते.

"ताई?… हो, हो, सारे बरे आहोत… चंदूचे दात? आले वं, बारा आले… अगं ऐक ना! जेवणाच्या सुट्टीनंतर साहेब येऊन राहिले तपासणीले. माझाच पाठ पाहणार. जमला तं नोकरी कायम, नाही तं बसा घरी… कोणता काय? रेषा, किरण, रेषाखंड!… हसू नको… येते न मले! रेषाखंडाले दोन टोकं. किरणाले एक, दुसरीकडे तो जातच राहते. रेषेले टोकच नाही, दोन्हीकडून बाण… पाठ आहे वं सारं! पण काल ती गोदा उठली, पहिल्या बाकावरची. म्हणते, 'बाई, रेषा संपतच नाही, तं फळ्यावर मावली कशी?'… काय सांगणार? म्हटलं, खाली बस."

"…मग काय! आज साहेबासमोर विचारलं तं?… रुळाचं सांगितलं न. पोरं म्हणाली, छोटी गाडी तं यवतमाळले थांबते, बाई, तिथं रुळाले ठोकळे लावले हायेत. अर्ध्या पोरांचे बाप रेल्वेत, त्यायले कोण फसवणार!… सूर्याचा किरण? तो जमला. गोदाले रेषा पायजे… हो जी मास्तर, दीड मिनिट, समजलं… ताई, लोणच्याचं मागून सांग!… चंदू, सोड! सोड म्हणते न!… काही नाही वं, चड्डीची नाडी ओढून राहिला. हे घे, गेलं एक टोक आत! आता पिन आणा, अन्…"

भागीरथा बोलता बोलता थांबली. तिनं चंदूला टेबलावर उभं केलं आणि गर्रकन पाठमोरं वळवलं.

"ताई… एक टोक बाहेर, दुसरं आत पसार… अगं, किरण!… रडत नाही, हसून राहिली मी! अन् ऐक, मागून नेफा फाटला आहे. शिवायचा राहूनच गेला. त्या फटीत बोटभर नाडी दिसते. इकडूनही आत जाते, तिकडूनही आत जाते. टोक दिसतच नाही… हो, हो, तेच! फळा म्हणजे ही फट. गोदाले म्हणीन, मावली कुठं बाई, फटीत दिसते तेवढीच का नाडी असते? अन् बाण म्हणजे, आत अजून आहे… माहीत आहे मले, नाडी शेवटी संपते! तेही सांगीन. नाडीले टोक असते, रेषेले नसते. नाही तं गोदा पुन्हा उठन…"

"…चड्डी? साहेबासमोर? मग काहून नाही? धुतलेली हाय!… चंदू? तो बसन उघडा, इथंच. मास्तर, सांभाळता न जी घडीभर?… हो म्हणतात. निदान नाही तं म्हटलं नाही… ताई, तू नको बोलू! मागच्या खेपेले नेफ्यावरून केवढी रागावली होती, आई झाली अन् एक टाका घालवत नाही म्हणून. घातला असता टाका, तं आज काय दाखवलं असतं?… आं? काय म्हणते?… हॅलो? ताई?… हॅलो?"

तीन मिनिटं संपून फोन तुटला होता. खुशालरावांनी घड्याळावरची नजर काढली, तेव्हा भागीरथा चड्डीची नीट घडी करून ती गणिताच्या पुस्तकात ठेवत होती, आणि टेबलावर उघडाबंब चंदू आपल्याच पोटावर पोस्टाचा तारखेचा शिक्का मारत होता.