सुहासदादाने न दिलेलं उत्तर

मीनलवहिनी, ईशा, आणि डार्विनच्या या उकाड्यात लांबलांबून गाड्या काढून आलेल्या सगळ्यांनो,

मला आज बोलता येत नाहीये. एरवी फार येतं. आरतीनंतरचा माईक माझ्या हातून काढून घ्यावा लागतो. तो काढून घेणारा माणूस गेल्या मंगळवारी, हॉस्पिटलची शिफ्ट संपवून गाडीकडे जाताना कोसळला आणि गेला.

आपला सुहासदादा. इमर्जन्सीमधला नर्स. मूळचा ठाण्याचा, पण वाढला टोरांटोत, आणि नंतर इथे ऑस्ट्रेलियात आला. तो कॅनडाच्या सैन्यात मेडिक होता, कंदाहारला होता, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. म्हणून तर ती चूक झाली.

तीन वर्षांपूर्वीची गणपतीतली क्विझ आठवते? मी विचारलं होतं, कॅनडा कधी युद्ध हरलाय का? माझ्या कार्डावर उत्तर होतं, 'कधीच नाही.' नेटवरून उचललेलं. लगेच वाद. कोणी म्हणालं, कोरियात तर नुसती युद्धबंदी झाली. कोणी म्हणालं, अफगाणिस्तानातून परत आले, ते काय जिंकून आले? मी रुबाबात सांगितलं, "माघार म्हणजे हार नाही. पॉइंट मिळणार नाही!" सगळे हसले. दादा उठला, प्लेट खाली ठेवली आणि बाहेर गेला.

मी मागे धावले. "दादा, काय झालं?" तो रागावला नव्हता. म्हणाला, "अगं, उत्तर मलाही माहीत नाही. आम्ही परत आलो. करीम तिथेच राहिला."

करीम त्याचा दुभाषी. जखमी माणसाला कुठे दुखतंय, हे दादाला करीम सांगायचा. दादाला घरी न्यायला विमान आलं. करीमचं घर तिथेच होतं, आणि पुढे तालिबान आल्यावर तेही सोडून बायको आणि दोन मुलींना घेऊन त्याला पेशावरला पळावं लागलं. कॅनडाने ज्या दुभाष्यांना आपल्याकडे घेतलं, त्या यादीत त्याचं नाव बसलं नाही. मग दादाने इथून, ऑस्ट्रेलियाच्या व्हिसासाठी, प्रायोजक म्हणून स्वतःच्या सहीने त्याचा अर्ज केला.

तेव्हापासून रविवारची आर्वो, म्हणजे अख्खी दुपार, माझी दादाच्या घरी. मी टाइप करायचे, दादा कागद लावायचा, वहिनी पोहे करायच्या. पहिला अर्ज नाकारला गेला. दादा म्हणाला, "नो वरीज, पुन्हा भरू." मी मात्र वैतागले. म्हटलं, "दादा, सोड आता. तू तुझ्या परीने सगळं केलंस."

दादा म्हणाला, "हेच आम्हाला विमानात चढताना सांगितलं होतं."

त्यानंतर मी ते वाक्य परत कधी बोलले नाही.

मित्रांनो, दुसरा अर्ज अजून निकालाची वाट बघतोय. आणि ज्याने करीमसाठी सही केली, तोच आज नाही. परवा दोघांनी मला प्रेमाने समजावलं, आता तो विषय संपला. संपला? कोणी ठरवलं? त्याच दिवशी दादाच्या लेकीने, ईशाने मला विचारलं, "हू विल करीम अंकल कॉल नाऊ?" मला तिच्याकडे बघवेना.

ईशा, ऐक. मला. तो मला फोन करेल.

काल सकाळी वहिनींनी आणि मी नवा फॉर्म भरला. दादाच्या नावाच्या जागी आता माझं नाव आहे. खाली माझी सही आहे. बाहेर चहाच्या टेबलावर कोरे कागद ठेवलेत. करीमचं कुटुंब आलं तर तुम्ही काय कराल, ते लिहा. एअरपोर्टवरून आणेन, मुलींना शाळेत सोडेन, काहीही, पण खरं लिहा. तुम्ही फुलं आणलीत, आभार. पण लिहिल्याशिवाय चहा नाही. दादानेही दिला नसता.

ते क्विझचं कार्ड अजून माझ्याकडे आहे. त्यावरचं उत्तर मी खोडलंय आणि जागा मोकळी ठेवलीय. करीम या हॉलमध्ये येईल, तेव्हा पेन त्याच्या हातात देईन.

दादाच्या फोटोशेजारी तो फोन दिसतोय ना? त्यावर पेशावरहून करीम आहे. त्याला मराठी कळत नाही. तरी पहिल्या शब्दापासून ऐकतोय.

करीमभाई, हम यहीं हैं. कहीं नहीं जा रहे.

चला, उभे राहू या. दोन मिनिटं कोणी बोलणार नाही. आणि फोन कोणी कट करणार नाही.