भरलेला डबा, लागलेला दिवा

...नाही पण डबा भरलेला होता ना! काठोकाठ! मग भरलेल्या डब्याच्या गाडीनं 'पाणी संपलं, पाणी संपलं' म्हणून लाल दिवा कायले लावावा, तुम्हीच सांगा! आणि तुम्हाला सांगते, आमच्या निकितासमोर तर लावूच नये, कारण ही पोरगी कुकरच्या शिटीला दचकते, स्वतःच्या फोनला दचकते, आणि तरी रोज यवतमाळहून बोरी अरबला एकटी गाडी घेऊन जाते, अकरावीला केमिस्ट्री शिकवायला. केमिस्ट्री! हे ऐकलंत तसं विसरून जा, तिच्यावर उपकार होतील.

तर दिवा पहिल्यांदा लागला तो उन्हाळ्यात. लोहाऱ्यातल्या गॅरेजवाल्या रहमतचाचांनी बॉनेट उघडलं, इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटच्या डब्यातला सेन्सर बाहेर काढला. असतं काय त्यात, दोन बारीक काड्या! काड्या पाण्यात बुडाल्या की गाडीला कळतं, पाणी आहे. चाचांनी नवा सेन्सर लावला आणि बजावलं, "बेटा, यात कूलंटच टाकजो. बोअरचं पानी बिलकुल नाही. समजलं ना?" निकितानं मान हलवली. अशी हलवली की चाचांना वाटावं, चला, एक तरी गिऱ्हाईक ऐकणारं भेटलं!

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी... भीती! रात्रीतून कमी तर झालं नसेल? टाकू घोटभर. घरात कूलंट कुठलं, अंगणात बोअरचा नळ! तिसऱ्या दिवशी अजून घोटभर, चौथ्या दिवशी अजून... तुळशीला घालावं तसं रोज, बाप्पा, तीन महिने! वरून सांडायला लागलं तरी हिचा नेम काही चुकेना. आणि एका सकाळी दारव्हा रोडवर... टिंग! गाडी बाजूला, बॉनेट वर, आणि पाहते तर काय? डबा भरलेला, दिवा लागलेला!

घरी बाबा. पुंडलिकराव. यांनी 'जेवली काय' विचारलं तरी गुन्हा कबूल करावासा वाटतो. "काय वं, तू काही टाकलं काय त्यात?" निकिता दचकली आणि तोंडातून निघून गेलं, "नाही!" खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं हो तिनं, उचकी निघते तसं निघालं! पण निघालेली उचकी कोणी परत गिळली आहे का?

"मंग रहमतनंच जुना सेन्सर लावला!" बाबा उठले, निकिताला गाडीत घातलं, थेट लोहारा. ज्या माणसानं बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी आठ रात्री दवाखान्याच्या फरशीवर काढल्या, त्याच्या दारात, चार गिऱ्हाइकांसमोर... "तीस वर्साची दोस्ती अन् मलेच गंडवून राह्यला तू?" "पुंडलिक, नव्या सेन्सरची डबी तुह्यासमोर फोडली होती!" "तुह्या हाताची सफाई मले नको सांगू!"

चाचांनी एकदा, फक्त एकदा, गाडीत बसलेल्या निकिताकडं पाहिलं. निकिता सीटबेल्ट पाहत होती. फार बारकाईनं पाहत होती!

मग बाबांचं संध्याकाळी गॅरेजवर चहाला जाणं बंद. घरातच कप घेऊन अंगणात फेऱ्या, अन् चहा तसाच गार. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस... शेवटी निकितानंच गाडी थंड असताना सेन्सर उपसला. दोन्ही काड्यांवर पांढरा थर! गिझरच्या रॉडवर बसतो ना, तोच! म्हणजे काड्या पाण्यातच, पण पाणी त्यांना लागतच नव्हतं! आणि त्याच आठवड्यात हिनं वर्गात फळ्यावर लिहिलेलं, 'दुष्फेन (जड) पाणी तापवल्यास क्षारांचा थर बसतो', खाली दोन रेघा मारून! सांगा, कुठं तोंड लपवावं?

लिंबात भिजवून ब्रशनं घासला, लावला. दिवा गेला! आता गप्प बसली असती तर? कोणाला पत्ता लागणार होता? पण अंगणात तो गार चहा...

गेली एकटी, भर दुपारी, गॅरेजवर गर्दी नसताना. हळूच, चाचांच्या कानाशी, "चाचा, पाणी मीच टाकत होते. बाबांना खोटं सांगितलं."

"मले मालूम होतं."

"मग त्या दिवशी बोलले का नाही?"

"गिऱ्हाइकाची पोरगी असती तं बोललो असतो. तू दोस्ताची हायेस."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं हो! रात्री जेवताना बाबांना सांगितलं. बाबांनी हात धुतला, चपला घातल्या अन् गेले. दोन तासांनी आले ते तोंडात पान, आणि शर्टावर सांडलेला चहा!

मिटलं ना? कुठलं मिटलं! चाचा खुश! इतके खुश की येईल त्या गिऱ्हाइकाला कौतुकानं सांगून राह्यले, "जिंदगीत एकच गिऱ्हाईक खरं बोललं, ते आपल्या पुंडलिकची पोरगी!" आणि काय केलं तेही सांगतात, अगदी घोटभर, घोटभर, सगळं! परवा कॉलेजच्या फाटकापाशी धावजी म्हणून एक पालक आडवे आले, हात जोडून. "मॅडम, लय इमानदार हो तुम्ही! रहमतभाईनं सांगितलं मले. आमची मानी तुमच्याच वर्गात हाये, तिलेबी सांगितलं. तिनं पोरायले सांगितलं."

निकितानं नमस्कार केला. करणार काय? खोटं बोलली तेव्हा कोणाच्या कानी नव्हतं हो... खरं बोलली, अन् अख्ख्या अकरावीला माहीत!