बाई डेमोला आल्या नाहीत

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कंपनीचे संचालक महोदय, व्यासपीठावर आवर्जून उपस्थित असलेल्या रुग्णालयाच्या मुख्य परिचारिका, सत्कारमूर्ती आमच्या बाई, बाईंचे यजमान, आणि चहा निवतोय म्हणून मागच्या रांगेत चुळबुळणारे माझे सहकारी,

बाई आज निवृत्त होताहेत. बोलायला मला उभं केलं, कारण टीममध्ये तोंडाळ मीच.

बाई टीमच्या प्रमुख म्हणून आल्या तेव्हा आमच्याकडे ‘अ‍ॅजाइल’ हा सॉफ्टवेअरवाल्यांचा लाडका शब्द नुसता भिंतीवर होता. सकाळी उभ्यानं मीटिंग घेतली की झालो आपण अ‍ॅजाइल, अशी आमची भाबडी समजूत! थोडं थोडं करावं, वापरणाऱ्याच्या हातात द्यावं, तो जिथे नाक मुरडेल तिथे दुरुस्त करावं, हे आम्हाला बाईंनी शिकवलं. फळ्यावर कामाच्या चिठ्ठ्या असत. एखादी चिठ्ठी ‘झालं’च्या रकान्यात सरकवायला गेलं, की मागून आवाज यायचा, “कोणी वापरून बघितलं?” काय राग यायचा त्या प्रश्नाचा! आता घरी नवरा भाजी झाली म्हणाला, की मीच विचारते, “कोणी चाखली?”

मग रुग्णालयाचं काम आलं. वॉर्डातल्या औषधांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर. डेमो पसंत पडला नाही तर काम जाणार, टीम मोडणार आणि आमची पांगापांग होणार, हे वरून स्पष्ट सांगितलं होतं. संचालक महोदय, राग मानू नका, सांगणारे आपणच होतात.

आणि नेमक्या त्या दिवशी बाई आल्या नाहीत. फोनही उचलेनात. आमचं धाबं दणाणलं.

डेमो सुरू झाला. सगळं कसं लोण्यासारखं चाललेलं. तेवढ्यात मुख्य परिचारिका म्हणाल्या, “मी जरा बघू का?” त्यांनी एक नोंद अर्धी भरली आणि विचारलं, “आता दुसऱ्या पेशंटनं हाक मारली तर?” त्यांनी दुसरं नाव उघडलं, आणि पहिली अर्धी नोंद गायब! आम्ही एसीत बसून काम करणारी माणसं. एक नोंद सुरू केली की ती संपवूनच उठणार. वॉर्डात कुणी असं निवांत बसतं का, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

सारवासारव करायला मी तोंड उघडणार, एवढ्यात आमचा एक सहकारी उठला. त्याला आम्ही मौनीबाबा म्हणतो, यावरून काय ते ओळखा. तो म्हणाला, “मॅडम, हे झालेलं नाही. आम्हीच झालं म्हणून बसलो होतो. आम्हाला तुमच्या वॉर्डात थोडे दिवस उभं राहू द्या, मग पुन्हा दाखवतो.” त्यानं सगळ्यांदेखत फळ्यावरची चिठ्ठी ‘झालं’च्या रकान्यातून काढून परत मागे लावली.

मुख्य परिचारिका म्हणाल्या, “उद्या सकाळी या. पण मधेमधे करू नका.”

काम राहिलं, टीमही राहिली. बाईंवर मात्र आम्ही रुसलो. ऐन वेळी सोडून गेल्या, असं मनात बसलं ते बसलंच. बाईंनी कधी खुलासा केला नाही.

परवा निमंत्रण द्यायला घरी गेले, तेव्हा यजमानांनी सांगितलं. “अहो, ती त्या दिवशी खाली गाडीतच बसली होती. तुमचा फोन वाजला की हात पुढे जायचा आणि मागे यायचा. मी म्हटलं, अगं, जा की वर. तर म्हणाली, ‘आज गेले, तर त्यांना कायम मी लागेन.’ आणि रडायला लागली.”

बाई, मघापासून जो तो म्हणतोय, तुमच्याशिवाय आमचं कसं होणार? अगदी व्यवस्थित होणार. त्याची तजवीज तुम्ही त्या गाडीत बसून केलीत. पण तुमची आठवण येईल तेव्हा काय करायचं, ते काही तुम्ही शिकवलं नाहीत.

संयोजकांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात काही वावगं निघून गेलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. आणि बाई, यापुढे आमचा फोन येईल तो कामासाठी नसेल. तेवढा उचला.